कराडच्या टेबलावरचे थंड अणू

काही विषयांत माणसं इतकी कमी असतात, की किस्से मावत नाहीत. डॉक्टरांचे, वकिलांचे किस्से शंभर जणांत वाटले जातात. आमच्या विषयात सातारा आणि सांगली असे दोन जिल्हे मिळून आम्ही तीनच जण होतो. जे काय घडलं ते आम्हा तिघांच्याच वाट्याला! आता इथं सांगायला मी एकटाच आहे, म्हणून सगळा साठा माझ्याकडे. कुणी विचारलं नाही तरी सांगतो.

विषयाचं नाव भारदस्त आहे. नॉन-हर्मिशियन फिजिक्स. घाबरू नका, दोन मिनिटांत सांगतो. लेझरच्या प्रकाशात अणू पकडायचे आणि इतके थंड करायचे, की ते जवळजवळ जागच्या जागी थांबतात. मग ते कसे वागतात ते बघायचं. पुस्तकातलं गणित असं धरून चालतं, की हे अणू बंद डब्यात आहेत. आत काही येत नाही, बाहेर काही जात नाही. पण असा डबा कुणाला मिळालाय? अणू निसटतातच. एक गेला, थोड्या वेळानं दुसरा गेला. हे निसटणं धरून जे गणित मांडतात ते आमचं. गळक्या डब्याचं गणित म्हणा ना!

आणि हो, आमच्यापैकी कुणीही थंड अणू डोळ्यांनी बघितलेला नव्हता. तसली प्रयोगशाळा आमच्या दोन्ही जिल्ह्यांत नाही. आम्ही आपले वही-पेनवाले.

०००

आमची ओळख एका सेमिनारमध्ये झाली. मी निकम. मूळचा पलूसचा, साताऱ्याला कॉलेजात फिजिक्स शिकवतो. सांगलीकडच्या एका कॉलेजनं मला व्याख्यानाला बोलावलं होतं. गेटवर फ्लेक्स. त्यावर 'अतिथंड अणू' असं मोठ्या अक्षरांत, आणि त्याखाली प्रमुख पाहुण्यांचा फोटो माझ्या फोटोच्या चौपट. पाहुणे बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचे मालक. 'थंड' या एका शब्दावरून त्यांना बोलावलं होतं!

पण माणूस भला. पहिल्या रांगेत बसून शेवटपर्यंत जागा राहिला. भाषणाला उठला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, आमी बेदाणा चार डिग्रीला ठेवतो. तुमी अणू कितीला ठेवता?"

म्हटलं, "उणे दोनशे त्र्याहत्तरच्या अगदी जवळ. त्याच्या खाली कुणालाच जाता येत नाही."

पाहुण्यांनी माईक जवळ ओढला. मग अगदी काळजीनं विचारलं, "आन् लाईट गेल्यावर?"

मी आजवर जगभरचे पेपर वाचलेत. हा प्रश्न अजून कुणी घेतलेला नाही.

त्यानंतर 'कुणाला काही शंका?' झालं. शेवटच्या रांगेतून एक हात वर आला. पांढरा शर्ट, गळ्यात दोरीचा चष्मा. हे केळकर सर. सांगलीचेच, कॉलेजातून रिटायर होऊन बरीच वर्षं झालेली. म्हणाले, "जो अणू निसटला, त्याची नोंद तुमच्या गणितात कुठे राहते?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात प्रोजेक्टरजवळून आवाज आला, "सर, ती राहत न्हाई. तिथंच तर सगळी गोची हाय."

ही राणी कोळेकर. त्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची आणि प्रोजेक्टर बिघडला की तिलाच बोलवायचे. पीएचडीला नाव घातलेलं. गाईडनं विषय देऊन टाकला होता, पण विषय गाईडलाही येत नव्हता!

कार्यक्रम संपला, लोक नाश्त्याला गेले. आम्ही तिघं फळ्याजवळ. वॉचमननं आधी पंखे बंद केले, मग दिवे बंद केले, आणि शेवटी आम्हाला बाहेर काढलं. गेटबाहेर उभं राहून सर म्हणाले, "निकम, मला वाटत होतं या भागात हे वाचणारा मी एकटाच आहे."

राणी म्हणाली, "मला वाटत व्हतं मी."

मलाही तसंच वाटत होतं. पण दोघांनी म्हटल्यावर तिसऱ्यानं म्हणायला बरं दिसत नाही.

०००

भेटायचं कुठं? मी साताऱ्याला, ते दोघं सांगलीला. मधे पडतं कराड. दर महिन्याचा पहिला रविवार, सकाळी दहा, एसटी स्टँडजवळ बापूचं हॉटेल. हॉटेल म्हणजे चहा, भजी, मिसळ आणि सहा टेबलं. आमचं भिंतीकडचं. सर आणि राणी एकाच गाडीनं यायचे, मी मोटरसायकलवर.

पहिले सहा महिने बापू आमच्याशी नीट बोलेना. चहा द्यायचा तो ठेवल्यासारखा नाही, आपटल्यासारखा. एका रविवारी सर हात धुवायला गेले, तसा तो टेबलावर वाकला आणि मला दबक्या आवाजात म्हणाला, "सर, एक बोलू? राग मानू नका. माझ्या मेव्हण्याचं असंच वाटोळं झालं. तुमी शिकल्यासवरल्याली मानसं. त्या पोरीला तरी यात वडू नका."

"कशात?"

"मला समदं ऐकू येतंय की. वरली लेव्हल, खालची लेव्हल, इतका गेन, इतका लॉस, ह्यो गेला, त्यो राह्यला... साखळी योजनाच न्हवं ही?"

मी त्याला वही दाखवली. एक एक पान उलटून. बापूनं सगळी पानं बघितली, सुस्कारा सोडला आणि म्हणाला, "म्हंजे यात कुनाचा फायदाच न्हाई?"

म्हटलं, "न्हाई."

"मग चालू द्या!"

त्या दिवसापासून चहा नीट यायला लागला.

०००

नंतर तर बापू आमची काळजीच घ्यायला लागला. आमच्या विषयात एक ग्रीक अक्षर फार येतं. त्रिशूळासारखं दिसतं, आणि म्हणायचं 'साय'. अणूची सगळी हकीकत त्यात असते. त्यामुळे बोलताना दर वाक्याला साय. ही साय, ती साय, डावीकडची साय, उजवीकडची साय.

असंच एकदा सर रंगात आले होते. "हे बघ राणी, साय आधी होती तेवढी राहत नाही. हळूहळू कमी होते. प्रश्न असा, की साय जाते कुठे?"

बापू गल्ल्यावरून उठला. आत गेला, बाहेर आला आणि सरांपुढं एक वाटी ठेवली. वर साखर भुरभुरलेली.

"सकाळधरनं साय साय करताय," तो म्हणाला. "दुधवाला पानी घालतोय ते मलाबी कळतंय. पर ही आज निघाली तेवढी समदी तुमाला!"

सरांनी ती सगळी खाल्ली. डॉक्टरनं त्यांना बंद केली होती.

०००

माझ्या लग्नाचं बघत होते तेव्हाची गोष्ट. आमच्या घरात थोरला फौजेत, मधला उसात, आणि मी हा असा. आईनं हाय खाल्ली होती. शिराळ्याकडचं एक स्थळ आलं. मुलीचे मामा रिटायर्ड सुभेदार. आमच्या थोरल्याचं नाव ऐकून खूश झालेले. पोहे झाले, चहा झाला, मग सुभेदार ताठ बसले. "हां, तर बोला. तुमचं काम काय असतंय नेमकं?"

आई मला डोळ्यांनी खुणावत होती की 'प्राध्यापक' एवढं बोल आणि गप बस. पण एवढ्या वर्षांत कुणी नेमकं विचारलं नव्हतं हो! मी सुरू केलं. लेझर सांगितला, अणू सांगितले, गळका डबा सांगितला. सुभेदार लक्ष देऊन ऐकत होते. मुलगीसुद्धा दाराशी येऊन थांबली होती.

"असं," सुभेदार म्हणाले. "आन् असं किती अणू हायती तुमच्याकडं?"

खोटं बोलता येईना. म्हटलं, "माझ्याकडं एकपण न्हाई. ते परदेशात असतात. मी नुस्तं त्यांचं गणित करतो."

दोन दिवसांनी निरोप आला. मध्यस्थानं आईला जसाच्या तसा सांगितला, "पोरगं सालस हाय. पर त्याच्याकडं कायबी न्हाई!"

हा किस्सा मी कराडला सांगितला तेव्हा सर इतके हसले, की चष्मा पडला. राणीपण हसली. मीही हसलो. मग परत साताऱ्याला आलो, कुलूप उघडलं, आणि तेव्हा मात्र तेवढं हसू आलं नाही. त्या मुलीनं दारातून शेवटपर्यंत ऐकलं होतं. ते मी कराडला सांगितलं नव्हतं.

०००

राणीचा प्रबंध पूर्ण झाला तेव्हा तिच्या वडलांनी आम्हाला जेवायला बोलावलं. कवठे महांकाळ तालुक्यात त्यांची वस्ती. पाण्याची बोंब, थोडी शेती आणि पहिल्यापासूनची मेंढरं. तिचे वडील, अण्णा, म्हणजे उंच, वाळलेला माणूस. डोक्याला लाल फेटा. बोलणं कमी. जेवणं झाली, बाभळीखाली घोंगडं टाकलं, आणि अण्णा सरांना म्हणाले, "मास्तर, ही पोरगी सा वरसं काय शिकतीया, आमाला कवा कळलंच न्हाई. तुमी सांगा."

सर हाडाचे शिक्षक. त्यांनी इकडं तिकडं बघितलं आणि मेंढरांच्या जाळीकडे बोट केलं. "समजा, जाळीत शंभर मेंढरं आहेत."

"साठ हायती."

"बरं, साठ. रात्रीतून एखादं जाळीखालून निसटतं की नाही?"

"निसटतंय की. लांडगाबी नेतोय."

"तर आमचे अणू तसेच निसटतात. मग आम्ही काय करतो, तोच प्रयोग हजार वेळा करतो. ज्या खेपेला एक जरी निसटला, ती खेप सोडून द्यायची. ज्या खेपेला एकही गेला नाही तेवढ्याच खेपा घ्यायच्या, आणि त्यांत काय झालं ते बघायचं."

अण्णांनी तंबाखू मळायची थांबवली. "म्हंजे ज्या रोजी मेंढरू गेलं, त्यो दिस धरायचाच न्हाई?"

"बरोब्बर! धरायचाच नाही!"

अण्णांनी तंबाखूची चिमूट गालात धरली. मग म्हणाले, "असं असंल तर मास्तर, माजं आयुष्य लय बेस गेलं म्हनायचं!"

आम्ही दोघं खोखो हसलो. राणी हसली नाही. उठून खरकटी ताटं उचलायला लागली.

०००

तिघांनी मिळून एक पेपर लिहिला. दोन वर्षं लागली. निम्मा बापूच्या टेबलावर, निम्मा फोनवर. सर रिटायर्ड, त्यामुळे त्यांच्या नावाखाली संस्थेऐवजी घरचा पत्ता. राणीचं तासिकेचं कंत्राट त्या वर्षी संपलेलं, तिच्या नावाखाली काय लिहायचं यावर एक अख्खा रविवार गेला! शेवटी विद्यापीठाचं नाव घातलं आणि परदेशातल्या मासिकाला पाठवला.

चार महिन्यांनी परीक्षकाचं उत्तर आलं. नाव कळत नाही, पण माणूस मोठा असावा. पेपर बरा आहे म्हणाला, बारा दुरुस्त्या सांगितल्या. आणि तेरावी अशी: लेखकांनी आपल्या परिसरातल्या या विषयाच्या तज्ज्ञांशी चर्चा करून मांडणी तपासून घ्यावी.

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. आजूबाजूच्या टेबलांवर बघितलं. एका टेबलावर उसाच्या गाडीचे दोन ड्रायव्हर मिसळ खात होते.

राणी म्हणाली, "सर, याला काय लिव्हायचं?"

सरांनी पेन काढलं आणि स्वच्छ अक्षरांत उत्तर लिहिलं. बारा दुरुस्त्यांची बारा उत्तरं. तेराव्याला लिहिलं: "सूचनेबद्दल आभारी आहोत. परिसरातील सर्व तज्ज्ञांशी सविस्तर चर्चा केली. तिघांचंही एकमत आहे."

पेपर छापून आला!

०००

त्या पेपरवरच राणीला जपानला बोलावणं आलं. थंड अणूंच्या खऱ्या प्रयोगशाळेत, दोन वर्षांसाठी. शेवटच्या रविवारी बापूनं तिला भडंगाची चार पाकिटं बांधून दिली आणि निघताना बजावलं, "राणे, त्या अणूंच्या खोलीत जाताना स्वेटर घालत जा. लय थंड असंल."

तिनं त्याला सांगितलं नाही की खोली साधीच असते. "व्हय बापू," म्हणाली, आणि स्टँडवर येईपर्यंत डोळे पुसत होती.

मग टेबलावर आम्ही दोघं. पहिल्या रविवारी ठरल्या वेळी राणीचा व्हिडिओ कॉल यायचा. तिकडं तेव्हा दुपार. फोन साखरेच्या बरणीला टेकवून ठेवायचा आणि दोन डोकी त्याच्यापुढं. बापू मागं उभा.

तिसऱ्या का चौथ्या महिन्यात ती मला म्हणाली, "दादा, सरांना जवळ बसवा. आज दाखवते." तिनं फोन एका काचेच्या खिडकीजवळ नेला. आत काळोख, तारा, नळ्या. आणि मधोमध एक निळा ठिपका. ज्वारीच्या दाण्याएवढा. पण असा उजळ, की बापूच्या हॉटेलातल्या दिवसाच्या उजेडातही स्क्रीनवर दिसत होता.

"ते लाखो अणू हायेत, सर. हवेत तरंगतायत."

सरांनी आयुष्यभर ज्याचं गणित केलं ते समोर होतं. त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. बरणीला टेकवलेला फोन उचलून डोळ्यांजवळ नेला.

"राणी, फोन हलवू नकोस."

"सर, मी स्टँडवर लावलाय. हलवत न्हाई."

"हलतोय गं. नीट धर."

मी बघितलं. हलत होता तो सरांचा हात. मी आपला हात त्यांच्या मनगटाखाली धरला. बापूनं शेजारच्या टेबलावरच्या गिऱ्हाइकांना दम दिला, "ए, आवाज करू नका रं! अणू हायती!"

०००

केळकर सर दिवाळीनंतर गेले. बुधवारी सकाळी, अंघोळ करून खुर्चीत बसल्या बसल्या.

सांगलीहून साताऱ्याला ती बातमी जपानमार्गे आली! सरांच्या मुलानं त्यांचा लॅपटॉप उघडला, समोर राणीची मेल होती, तिला त्यानं दोन ओळींचं उत्तर पाठवलं. राणीनं मला फोन केला. मी वर्गात होतो, उचलला नाही. वर्ग संपवून बघतो तर सतरा मिस्ड कॉल. सगळं उरकेपर्यंत मला पोचता आलं नाही. तेराव्याला गेलो.

घर माणसांनी भरलेलं. ओळखीचं कुणी नाही. सरांच्या घरी मी त्याआधी एकदाच, उंबऱ्यापर्यंत गेलेलो. भिंतीला टेकून उभा राहिलो. माणसं सरांबद्दल बोलत होती. शिस्तीचे होते, बारावीच्या पोरांना फुकट शिकवायचे, रोज आमराईत फिरायला जायचे. गळक्या डब्याबद्दल कुणी बोललं नाही. कुणाला माहीतच नव्हतं.

एक नातेवाईक माझ्याजवळ आले. कदाचित मी एकटा दिसलो म्हणून. "आपण सरांचे कोण?"

विद्यार्थी? नव्हतो. सहकारी? एका कॉलेजात कधी नव्हतो. मित्र म्हणावं, तर तीस वर्षांचं अंतर. शेवटी म्हणालो, "आम्ही दर महिन्याला कराडला भेटायचो. हॉटेलात. चहा प्यायला."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. माझा हात हातात घेतला. "अच्छा, म्हणजे हॉटेल तुमचं!"

मी 'हो' म्हणालो.

०००

त्यानंतर तीन पहिले रविवार मी कराडला गेलो नाही. कुणासाठी जायचं? राणीचा फोन यायचा, पण ती तिच्या माणसांत रुळली होती आणि मलाही बोलायला काही सुचत नव्हतं. एक गणित अडलेलं. सर असतानाच सुरू केलेलं. डबा गळका, आणि माझ्या उत्तरात अणू वाढत चालले होते! रोज संध्याकाळी वही काढायचो, पहिल्यापासून वाचायचो, चूक सापडायची नाही, ठेवून द्यायचो. कॉलेजात कुणाला दाखवणार? एकदा तर वही रद्दीत घालावी असं मनात आलं. विषय सोडला म्हणून कुणी विचारायलाही येणार नव्हतं.

चौथ्या महिन्याचा पहिला रविवार. सकाळी कपडे भिजवत होतो. सव्वादहाला अनोळखी नंबरवरून फोन.

"निकम का? मी केळकरकाकू बोलतेय. कुठे आहात?"

"घरी आहे काकू. साताऱ्याला. काय झालं?"

"घरी काय करताय? आज पहिला रविवार ना? मी कराडला येऊन बसलेय. हे बापू म्हणतात, साहेब हल्ली फिरकतच नाहीत!"

कपडे तसेच बादलीत. वही पिशवीत टाकली आणि मोटरसायकल काढली. तासाभरानं पोचलो. भिंतीकडच्या टेबलावर काकू बसलेल्या. सुती साडी, शेजारी कापडी पिशवी, आणि पुढ्यात बापूनं दिलेल्या ताटात मटार सोलायचं चाललेलं.

मी समोर बसलो. वही पिशवीतच ठेवली. काकूच म्हणाल्या, "इतकी वर्षं म्हणायचे, चल एकदा. मग स्वतःच म्हणायचे, नको, तुला कंटाळा येईल." त्यांनी हॉटेलभर एकदा नजर फिरवली. "हं. करा सुरू."

"काय सुरू करू?"

"जे करायचात ते."

"काकू, ते फार..."

"मला कळणार नाही, ते मला माहितेय. तुम्ही बोला."

मी वही उघडली. आधी चाचरत बोललो. मग हळूहळू आवाज सुटला. डबा सांगितला, गळती सांगितली, पान उलटलं, पुढचं सांगितलं. काकू मान डोलवत होत्या आणि मटार सोलत होत्या. बापू दोनदा चहा ठेवून गेला. किती महिन्यांनी मी माणसासमोर हे बोलत होतो! शेवटी उत्तरापाशी आलो आणि थांबलो. म्हटलं, "इथं अडलंय. अणू कमी व्हायला हवेत, ते वाढतायत. दोन महिने झाले."

काकूंनी शेंग खाली ठेवली. जरा विचार केला.

"वजा राहिलं नाही ना कुठे?"

"अं?"

"नाही, मला आपलं तेवढंच माहितेय. जेवताना, अंघोळीला जाताना, पाहुणे बसलेले असताना, मधेच ओरडायचे, 'अगं, वजा राहिलं!' आणि धावायचे वहीकडे. चाळीस वर्षं ऐकलंय. म्हणून विचारलं."

मी पहिलं पान काढलं. बोट ठेवून एक एक ओळ खाली आलो. दुसरं पान. तिसरं पान. चौथी ओळ.

राहिलं होतं!